डोक्याचं माप

नवापूरपासून धडगावपर्यंत, तापीकाठच्या गावांपासून सातपुड्याच्या पाड्यांपर्यंत जिथे कुठे बसून ऐकत असाल, तिथे हातातलं काम चालू ठेवा आणि थोडा वेळ कान इकडे द्या. मांडीवर बाळ असेल तर त्याच्या डोक्यावरून हळूच हात फिरवा. आज आपण त्या डोक्याविषयीच बोलणार आहोत.

अंगणवाडीत बाळाचं वजन होतं, उंची होते, दंडाला रंगीत पट्टी लागते. डोक्याच्या घेराचंही माप असतं. हे माप बाळाच्या भल्यासाठी आहे. पण सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या देशात माणसांची डोकी आणि नाकं मोजली जात होती, ती वेगळ्याच कामासाठी. कोण वरचा, कोण खालचा हे ठरवायला. डोक्याच्या हाडांचा हा इतिहास आपल्या बायकांना माहीत असायला हवा, कारण त्यातली एक जुनी समजूत अजून आपल्या मुलांच्या ताटाच्या आड येते. कशी, ते पुढे सांगतो.

आधी हाडांची गोष्ट. कवटी म्हणजे उलटं घातलेलं एकसंध मडकं असं आपल्याला वाटतं. ते तसं नाही. मोठ्या माणसाच्या डोक्याची आणि चेहऱ्याची मिळून २२ हाडं असतात. त्यातली ८ मेंदूभोवती आणि १४ चेहऱ्याची. जन्मलेल्या बाळाच्या डोक्याची हाडं तर एकमेकांना जुळलेलीही नसतात. गोधडीचे तुकडे शिवायच्या आधी शेजारी शेजारी मांडावेत तशी ती असतात आणि मधे मऊ शिवणी असतात. शिवणी जिथे मिळतात, तिथे टाळू. मागची लहान टाळू दोन-तीन महिन्यांत भरते. पुढची मोठी टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते, काही बाळांना थोडा जास्त वेळ लागतो.

निसर्गाने ही जागा मोकळी का ठेवली? दोन कारणं आहेत. बाळंतपणात आईच्या वाटेतून येताना ही हाडं थोडी एकमेकांवर सरकतात, त्यामुळे डोकं बाहेर येऊ शकतं. म्हणूनच बाळ जन्मतं तेव्हा त्याचं डोकं कधी कधी लांबट दिसतं आणि काही दिवसांत आपोआप गोल होतं. दुसरं कारण, मेंदूला वाढायला जागा हवी असते. जन्मताना डोक्याचा घेर साधारण ३४ सेंटिमीटर असतो. पहिल्या एका वर्षात तो ११-१२ सेंटिमीटरने वाढतो. पुढच्या चार वर्षांत मिळून जेमतेम ५ सेंटिमीटर. म्हणजे मेंदूची मोठी वाढ कधी होते, हे मोजपट्टीच सांगते. मेंदू आतून वाढतो, शिवणी ताणल्या जातात आणि त्यांच्या काठावर नवं हाड तयार होतं.

चेहऱ्याची वाढ उशिरा होते. बाळाचं कपाळ मोठं आणि चेहरा इवलासा दिसतो तो यामुळेच. खालचा जबडा तर जन्मताना दोन तुकड्यांत असतो, हनुवटीपाशी तो पहिल्या वर्षात जुळतो. मग दुधाचे २० दात येतात, ते पडून पक्के येतात, चावणं सुरू होतं आणि जबडे लांब-रुंद होत जातात. नाकाच्या बाजूच्या हाडांत हवेच्या पोकळ्या वाढतात. मुलींचा चेहरा मुलांच्या आधी वाढून पुरा होतो. त्यानंतरही हाड स्वस्थ बसत नाही. एकीकडे पेशी जुनं हाड विरघळवत असतात, दुसरीकडे नवं घालत असतात. घराची भिंत आपण दरवर्षी एका बाजूने खरवडून दुसरीकडून लिंपावी, तसं हे काम आयुष्यभर चालतं. दात पडलेल्या आजीची हनुवटी वर येते आणि गाल आत जातात ते का? दात नसले की त्यांना धरणारं जबड्याचं हाड झिजत जातं.

हे सगळं माणसाला कळलं कसं? त्यात आपल्या ओळखीच्या एका वनस्पतीचा हात आहे. मंजिष्ठ, म्हणजे जिच्या मुळ्यांपासून लाल रंग निघतो ती. तिचीच एक जात युरोपात कापड रंगवायला वापरत. लंडनमध्ये जॉन बेल्शियर नावाचे एक शल्यवैद्य होते. एका कापड छापणाऱ्याकडे ते जेवायला गेले असताना ताटातल्या डुकराच्या मांसातली हाडं त्यांना लाल दिसली. त्या डुकरांना रंगाच्या कामात वापरलेला, मंजिष्ठाचा अंश असलेला कोंडा खायला घालत. १७३६ साली बेल्शियर यांनी हे छापून प्रसिद्ध केलं. मग फ्रान्समध्ये द्युआमेल यांनी जनावरांना काही दिवस मंजिष्ठ देऊन, काही दिवस बंद करून पाहिलं. हाडात लाल आणि पांढरे थर दिसले. नव्याने बनणारं हाडच रंग धरतं, त्यामुळे हाड कुठे वाढलं ते दिसू लागलं. पुढे जॉन हंटर यांनी डुकरांवर असेच प्रयोग केले आणि जबड्याची गंमत दाखवली. जबडा मागच्या बाजूला हाड घालतो आणि पुढच्या काठावरचं काढून टाकतो. त्यामुळे मागच्या दाढांना जागा होते. रंगाऱ्याच्या कोंड्यातून सुरू झालेल्या या प्रयोगांनी हाड म्हणजे दगड नव्हे, ते जिवंत आहे आणि बदलत राहतं, हे सिद्ध केलं.

आता दुसरी बाजू. हाड बदलतं हे कळून शंभर वर्षं होऊन गेली होती, तरी काही विद्वानांनी डोक्याचा आकार म्हणजे वंशाचा न बदलणारा शिक्का असं धरलं. लांबीच्या तुलनेत डोकं किती रुंद, याचा एक आकडा काढायचा आणि माणसांचे गट पाडायचे. आपल्या देशात हे काम हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने केलं. १८९१ साली त्याने बंगालमधल्या जाती-जमातींची मापं प्रसिद्ध केली. नाकाची रुंदी भागिले उंची असा हिशेब मांडून त्याने नियम सांगितला, की समाजात जो जितका वरचा, त्याचं नाक तितकं निमुळतं. १९०१ ची जनगणना याच रिस्लेच्या हाताखाली झाली. विचार करा बायांनो, आपल्या आज्या-पणज्यांच्या नाकावर सरकारी माणूस लोखंडी चिमटा लावून त्यांची पायरी ठरवणार!

रिस्लेचा नियम टिकला नाही, आणि तो खोडणाऱ्यांत आपली मराठी माणसं पुढे होती. मुंबई विद्यापीठातले गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ साली तीच मापं पुन्हा तपासली आणि हा नियम देशभर लागू पडत नाही हे दाखवलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात हीच नाकाची मापं घेतली आणि ब्राह्मण व अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे आहेत याला त्यात काही आधार नाही, असं मांडलं. ज्या चिमट्याने भेद दाखवायचा होता, त्याच चिमट्याच्या आकड्यांनी भेद नाही हे दाखवून दिलं. नाकाच्या आकाराचं म्हणाल, तर त्याचा हवामानाशी संबंध दिसतो. थंड, कोरड्या मुलखात नाकं साधारण अरुंद आणि उष्ण, दमट मुलखात रुंद आढळतात, कारण आत घेतलेली हवा गरम आणि ओलसर करणं हे नाकाचं काम आहे. त्यात वरचं-खालचं काय आलं?

परदेशातही प्रश्न विचारले जात होते. अमेरिकेत फ्रान्झ बोआस यांनी युरोपातून आलेल्या कुटुंबांची, जवळजवळ १८,००० माणसांची मापं घेतली. आईबाप युरोपात जन्मलेले आणि मुलं अमेरिकेत जन्मलेली, तर त्या मुलांच्या डोक्याच्या आकारात फरक पडतो असं त्यांना आढळलं. १९१२ साली ते छापून आलं. फरक किती, यावर पुढे बराच वाद झाला. पण डोक्याचा आकार कायमचा आहे हे गृहीत धरणं त्यानंतर अवघड झालं.

आणि आता आमच्या आवडत्या बाई. इरावती कर्वे. जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. शिक्षण पुण्याला हुजूरपागेत आणि फर्ग्युसन कॉलेजात, मग मुंबईला घुर्यांच्या हाताखाली एम.ए. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या त्या सून. त्यांचं ‘युगान्त’ हे महाभारतावरचं पुस्तक तुमच्यापैकी काहीजणींनी वाचलं असेल. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या आणि तिथल्या मानववंशशास्त्राच्या मोठ्या संस्थेत ऑयगेन फिशर या प्राध्यापकाकडे डॉक्टरेटचं काम करू लागल्या. फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारा. गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन बाजू जास्त असमान असतात आणि ती त्याच्या बुद्धीची खूण आहे, असा त्याचा कयास होता. तो तपासण्याचं काम इरावतीबाईंकडे आलं.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. वसाहतींतून आणलेल्याही त्यात होत्या. अशा कवट्या जर्मनीत कशा येत, हेही ऐकून ठेवा. १९०४ ते १९०८ या काळात आजच्या नामिबियात जर्मन फौजेने हेरेरो आणि नामा लोकांची कत्तल केली. कैदेतल्या हेरेरो बायकांना आपल्याच माणसांची डोकी काचेच्या तुकड्यांनी खरवडून साफ करायला लावलं आणि त्या कवट्या ‘संशोधनासाठी’ बर्लिनला धाडल्या. त्यातल्या काही २०११ साली नामिबियाला परत मिळाल्या. शास्त्राच्या नावाखाली हेही झालं आहे.

इरावतीबाईंनी मोजलं, हिशेब केला आणि निकाल लिहिला. कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूत थोडा फरक सगळ्याच माणसांत असतो, वंशाशी त्याचा संबंध नाही. गुरूला हवं होतं त्याच्या उलट. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या हातात पदवी आहे त्याच्याच कल्पनेविरुद्ध एका पंचविशीतल्या मराठी बाईने लिहिलं. थोड्याच वर्षांत जर्मनीत हिटलरचं राज्य आलं, आणि वंशशुद्धीच्या कायद्यांना फिशर आणि त्याच्या संस्थेने हातभार लावला. तेव्हा इरावतीबाईंच्या त्या आकड्यांचं मोल केवढं, ते समजून घ्या.

भारतात परतल्यावरही त्यांनी मोजमाप सोडलं नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून त्या महाराष्ट्रभर हिंडल्या. आपल्या भागातही त्यांचं काम आहे. तेव्हा आपण पश्चिम खानदेशात होतो. पुढे त्याचा धुळे जिल्हा झाला आणि १ जुलै १९९८ ला त्यातून नंदुरबार वेगळा झाला. या पश्चिम खानदेशातल्या भिल्लांची सामाजिक आणि आर्थिक पाहणी त्यांनी केली. म्हणजे बर्लिनमध्ये कवट्या मोजणाऱ्या बाई पुढे आपल्या लोकांची जमीन, कर्ज आणि पोटापाण्याचा हिशेबही मांडत होत्या. माणसाचं शरीर समजून घ्यायचं तर त्याचं घर आणि शेत बघावं लागतं, हे त्यातून दिसतं.

याच डेक्कन कॉलेजच्या लोकांनी हाडांकडून आणखी एक गोष्ट वदवून घेतली. आपल्याकडे तापी आणि गोमाईच्या संगमावरचं प्रकाशा सगळ्यांना माहीत आहे, तिथल्या सिंहस्थामुळे आणि देवळांमुळे. १९५५ साली बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केलं आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली. तापीकाठच्याच सावळदा गावाचं नाव तर इतिहासकारांनी एका जुन्या संस्कृतीला दिलं आहे. त्या काळच्या शेतकरी लोकांची सगळ्यात चांगली माहिती मिळाली ती पुणे जिल्ह्यात घोड नदीवरच्या इनामगावला. १९६८ ते १९८३ एवढी वर्षं तिथे खोदकाम चाललं. तिथले लोक लहान बाळ गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवत आणि घरातच जमिनीखाली पुरत. आईला बाळ घरातच हवं असेल, दुसरं काय!

त्या बाळांच्या कवट्या मडक्यात सुट्या सुट्या तुकड्यांत मिळतात, कारण शिवणी जुळायच्या आतच ती गेलेली. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे जॉन लुकाच यांनी त्यांच्या दातांचा अभ्यास केला. काही मुलांच्या दुधाच्या सुळ्यावर त्यांना बारीक खड्डा दिसला. हा सुळा पहिल्या वर्षात जबड्याच्या आत घडत असतो. आईला आणि बाळाला पुरेसं पोषण नसेल तर त्यावरचं जबड्याचं हाड फार पातळ राहतं, दाताला संरक्षण मिळत नाही आणि तिथे खूण उमटते, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या आईची उपासमार बाळाच्या जबड्यात लिहून राहिली. कोणत्याही सरकारी रजिस्टरमध्ये नाही, पण हाडात नोंद आहे.

आता सुरुवातीला म्हटलं त्या समजुतीकडे येतो. आमच्या बचत गटांच्या कामात आम्ही कुपोषणाच्या बैठकांना जातो. अशाच एका बैठकीत एक साहेब सहज बोलून गेले, “आदिवासी मुलं मुळातच बारीक असतात, त्यांना शहरातलं कोष्टक लावून कसं चालेल?” ऐकायला समजूतदार वाटतं. पण नीट बघितलं तर हा रिस्लेचाच चिमटा आहे. ‘मुळातच’ म्हटलं की प्रश्न संपला. मग अंगणवाडीचा आहार वेळेवर आला नाही तरी चालतं, गरोदर बाईला रोजगारासाठी गुजरातेत ऊसतोडीला जावं लागलं तरी चालतं, कारण मूल मुळातच बारीक!

या ‘मुळातच’ला आकड्यांनी उत्तर मिळालं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली मुलं मोजली. आईचं दूध मिळालेली, घरची परिस्थिती बरी असलेली, आई तंबाखू न ओढणारी, अशी मुलं निवडली. नॉर्वेचं गोरं मूल, घानाचं काळं मूल आणि दिल्लीचं मूल लहानपणी जवळजवळ सारखंच वाढतं, असं दिसलं. त्यावरून २००६ साली सगळ्या जगाला एकच कोष्टक मिळालं. अंगणवाडीतल्या तक्त्यावरच्या रेषा त्याच आहेत. डोक्याच्या घेराचं कोष्टकही त्याच अभ्यासातून आलं. अक्कलकुव्याच्या पाड्यावरचं बाळ त्या रेषेखाली असेल तर दोष बाळाच्या जातीत शोधायचा नाही. आईला काय मिळालं आणि बाळाला काय मिळालं, ते शोधायचं. बैठकीत पुन्हा कोणी ‘मुळातच’ म्हणालं, तर हे सहा देश त्यांना ऐकवा.

आपल्या भागापुरती एक खास गोष्ट सांगायलाच हवी. सिकलसेल. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी लवकर मोडतात. त्या भरून काढायला हाडांच्या आतल्या मगजाला दुप्पट-तिप्पट राबावं लागतं, आणि जागा हवी म्हणून तो पसरतो. म्हणून काही मुलांचं कपाळ पुढे येतं, वरचा जबडा आणि गालाची हाडं उठून दिसतात. अशा मुलाला कोणी चेहऱ्यावरून चिडवू नये, आणि चेहऱ्यावरून कोणी निदानही करू नये. रक्ताची तपासणी हाच मार्ग. २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम चालू आहे. लग्नाआधी मुलगा-मुलगी दोघांची तपासणी करून घ्या. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

आता रोजच्या कामाचं. बाळाची टाळू हगवण-उलटीत खोल गेलेली दिसली तर अंगातलं पाणी कमी झालं आहे. ओआरएस आणि अंगावरचं दूध चालू ठेवून लगेच दवाखाना गाठा. ताप असताना टाळू वर फुगलेली दिसली तर एक तासही थांबू नका. टाळूवर तेल थापून ती भरत नाही, ती तिच्या वेळेला भरते. आंघोळीनंतर नाक चिमटीत धरून ओढल्याने हाड सरळ होत नाही. नाकात-कानात तेल सोडल्याने इजा मात्र होऊ शकते. डोकं गोल व्हावं म्हणून दाबू नका, मोहरीची उशीही नको. पहिलं वर्ष बाळाला उशीविना उताणं झोपवा, आणि जागं असताना आपल्या समोर थोडा वेळ पालथं खेळवा. एका बाजूने चपटं झालेलं डोकं बहुतेक वेळा बाळ बसायला लागलं की सुधारतं.

आणि घेर मोजायला सांगा. मोजपट्टी भुवयांच्या वरून आणि मागच्या सगळ्यात फुगीर भागावरून फिरवायची. एका मापाने काही कळत नाही, पुन्हा पुन्हा मोजून नोंद ठेवायची. घेर वाढत नसेल किंवा फार वेगाने वाढत असेल तर आशाताईंना आणि डॉक्टरांना दाखवा.

मुलीच्या नाकावरून, गालाच्या हाडावरून घरात कोणी बोललं, स्थळ पाहायला आलेले काही बोलले, तर गप्प बसू नका. त्या चेहऱ्यात तिच्या आजीचं रूप आहे, या डोंगराची हवा आहे आणि तुम्ही तिला भरवलेला प्रत्येक घास आहे. पुढच्या महिन्याच्या गटाच्या बैठकीत कर्जाचा विषय संपला की दहा मिनिटं काढा. पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचं कार्ड आणा आणि रेषा कुठे आहे ते सगळ्याजणी मिळून बघा. जिची रेषा खाली असेल तिच्या घरी काय कमी पडतंय, ते आधी विचारा.

जोहार.